खण, माळवद आणि राहून गेलेला तिरपा वासा

मागच्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी हापिसात रिलीजची धामधूम चालू होती आणि गावाकडून काकांचा फोन आला. "माळवद काढायचं ठरवलंय. रविवारी सागवान घेणारा टेम्पो घेऊन येतोय. बघायचं असंल तर येऊन जा." एवढं बोलून फोन बंद. रिलीज कसंबसं मार्गी लावलं, रात्रीची गाडी पकडली आणि शनिवारी सकाळी गावात हजर झालो.

गाव लातूर जिल्ह्यात, किल्लारीपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. घर पणजोबांच्या वेळचं. लहानपणी सुट्टीत जायचो तेव्हा त्या घराबद्दल मला दोनच गोष्टी माहीत होत्या. उन्हाळ्यात पंख्याशिवाय गार असतं, आणि उताणं झोपलं की डोळ्यात माती पडते. :-)

सागवानवाला आधीच एकदा येऊन गेला होता. घरातल्या चौदाही खांबांवर त्यानं खडूनं आकडे टाकले होते, एक ते चौदा. आज्जी ओसरीवर बसून ते आकडे बघत होती. मला म्हणाली, "त्या रात्री हे घर पडलं नव्हतं. आता आपणच पाडायलोत."

त्या रात्री म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. घरात मात्र ती गोष्ट शंभर वेळा ऐकलेली: गणपती विसर्जन करून सगळे दमून झोपलेले, पहाटे आवाज झाला, मागची भिंत अख्खी बाहेरच्या बाजूला कोसळली. मधल्या खणात झोपलेली आमची सगळी माणसं जिवंत बाहेर आली. लहानपणी मी याला देवाची कृपा समजायचो. मग बी.ई. सिव्हिल केलं (आणि रिवाजाप्रमाणे कॅम्पसमधून आयटीत गेलो), तेव्हाही या गोष्टीकडे इंजिनिअरच्या नजरेनं बघायचं कधी सुचलं नाही. ते सुचलं खडूचे आकडे बघून. तर आजचा लेख त्यावर.

खण म्हणजे काय

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी आधी थोडी ओळख. मराठवाडा आणि सोलापूरकडच्या जुन्या घरांचं छत सपाट आणि मातीचं असतं. त्याला माळवद किंवा धाबं म्हणतात. पाऊस कमी, ऊन भयंकर, त्यामुळे कोकणासारख्या उतरत्या कौलांपेक्षा जाड मातीचं छत इथे जास्त उपयोगाचं.

या घराचा सांगाडा लाकडी असतो. जमिनीत दगडाचा तळखडा बसवलेला, त्यावर खांब. खांबाच्या डोक्यावर कुसू काढलेलं, तुळईला त्याच मापाची खाच. तुळई वरून बसवली की काम झालं, खिळा जवळपास नाहीच. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर माती. चार खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. साधारण अडीच मीटरच्या आसपास, कारण तेवढ्या अंतरावर बेताच्या जाडीची तुळई वाकत नाही. घर किती मोठं हे चौरस फुटांत सांगायची पद्धतच नव्हती. "पाच खणांचं घर" म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळायचं. आमच्या भाषेत बोलायचं तर अगदी मॉड्युलर डिझाइन. ऐपत वाढली की बाजूला आणखी एक खण जोडायचा. पैसेवाल्यांचं सागवान, बाकीच्यांचं बाभूळ नाहीतर लिंब.

आणि या सांगाड्याभोवती दगडाची भिंत, दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत जाड. बघणाऱ्याला वाटतं की छत या भिंतींनीच पेललंय. प्रत्यक्षात ते वजन मुख्यतः खांब पेलतात. भिंत असते आडोशासाठी, गारव्यासाठी, चोराचिलटांपासून बचावासाठी. फार तर छताच्या कडेचा थोडा भार तिच्यावर येतो.

आता जरा हिशोब करू. (घाबरू नका, गुणाकारच आहे.)

माळवदावरची माती दीड ते अडीच फूट जाड असते. आपण दोन फूट, म्हणजे ६० सेंटीमीटर धरू. एक घनमीटर दाबलेली माती साधारण १६०० किलो. म्हणजे छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ १ टन. तुमच्या फ्लॅटचा पाच इंची काँक्रीट स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे माळवद काँक्रीटच्या तिप्पट जड! अडीच-पावणेतीन मीटरचा एक खण घेतला तर डोक्यावर साडेसहा टन. सात छोट्या मोटारी उभ्या करून त्यांच्याखाली पाट मांडून जेवायला बसण्यासारखं आहे हे.

सुरुवातीला माती इतकी नसते. पण दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा रिवाज. जुना थर काढायचे कष्ट कोण घेणार? पणजोबांनी टाकला, आजोबांनी टाकला, काकांनी टाकला. ज्यांनी दहा-बारा वर्षं जुना कोड सांभाळलाय त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. प्रत्येकानं आपला पॅच टाकला, आणि खालच्या खांबांवर किती भार झाला ते कुणी मोजलं नाही.

तरीही खांब उभे होते. लाकूड धाग्यांच्या दिशेनं दाबलं तर प्रचंड भार घेतं, आणि उभा खांब नेमका तसाच दाबला जातो. वरून खाली येणाऱ्या भारासाठी ही रचना अगदी चोख होती. गावच्या सुतारानं हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं. काय टिकतं आणि काय वाकतं, हे त्याच्या आधीच्या पिढ्यांनी बघून ठेवलं होतं.

गोची इथेच आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवात जे घडलेलंच नाही त्याचा धडा त्या अनुभवात येणार कुठून?

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं

दख्खनचं पठार म्हणजे टणक, स्थिर खडक, इथे भूकंप होत नाहीत, असा सगळ्यांचा समज होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानं त्याला पहिला मोठा तडा दिला. पण लोकांनी त्याचा संबंध धरणाशी लावला आणि बाकीचं पठार निश्चिंत राहिलं. देशाच्या भूकंपप्रवण नकाशात किल्लारीचा भाग झोन १ मध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. १९९२ च्या पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीच्या परिसरात छोट्या धक्क्यांची मालिका झाली. लोक घाबरले, काही दिवस घराबाहेर झोपले. मग धक्के थांबले आणि लोक परत घरात गेले.

त्यानंतर वर्षभरात तो मोठा धक्का आला. तीव्रता ६.२. जागतिक हिशोबात हा काही महाभयंकर आकडा नव्हे. पण केंद्र जमिनीत फार खोल नव्हतं, वेळ झोपेची होती आणि घरं ही अशी होती. ८ ते १० हजार माणसं गेली.

बहुतेकांना मारलं ते भिंतींनी आणि मातीनं. दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण तिच्यात खरं तर दोन भिंती असतात. एक बाहेरची, एक आतली, आणि मध्ये लहानमोठे दगड चिखलात टाकून भरलेले. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. जमीन हलली की मधला भराव खाली बसतो, दोन्ही बाजू फुगतात आणि एक आत, एक बाहेर अशा कोसळतात. ज्या घरांमध्ये खर्च वाचवायला कडेचे खांब न घालता तुळया सरळ भिंतीवर टेकवल्या होत्या, तिथे भिंतीबरोबर छतही आलं. टनावारी माती. त्याखालून माणूस जिवंत कसा निघणार?

जिथे खणांचा सांगाडा पूर्ण होता, तिथे मात्र वेगळंही घडलं. भूकंपानंतर पाहणी करायला गेलेल्या इंजिनिअरांना अशी घरं दिसली की भिंती पूर्ण पडून गेल्यात आणि मधोमध खांब, तुळया, वरची माती, सगळं जागच्या जागी उभं. आमचं घर त्यातलंच एक, फक्त केंद्रापासून लांब असल्यामुळे त्याची एकच भिंत गेली.

सगळेच सांगाडे असे तगले नाहीत. बरेच कलंडले, कारण त्यांच्यातही एक मूलभूत खोट होती. शाळेत आइस्क्रीमच्या काड्या टाचण्यांनी जोडून चौकोन केला असेल तर आठवा. कोपऱ्याला धरून ढकलला की तो कलतो. एक तिरपी काडी लावली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तो हलत नाही. दोन खांब, वर तुळई, खाली जमीन, हा खण म्हणजे तोच चौकोन. कुसू आणि खाचेचा सांधा वरचा भार उत्तम घेतो, पण आडव्या धक्क्याला टाचणीसारखाच फिरतो. साडेसहा टनांच्या खणाला वजनाच्या पाचव्या भागाइतका आडवा धक्का बसला असं धरलं, तर खांबांच्या डोक्यावर सव्वा टनाची ढकल येते. ती अडवायला खणात काहीच नसतं. इतकी वर्षं त्याला कलंडू दिलं नव्हतं ते बाजूच्या जाड भिंतीनं, नुसतं टेकून. आणि नेमकी तीच भिंत पहिल्या काही सेकंदांत निघून गेली.

थोडक्यात, वजन पेलायला खांब होते आणि आडवं हलणं रोखायला भिंत होती. पण खांब आणि भिंत एकमेकांशी बांधलेले नव्हते. राहून गेला होता एक तिरपा वासा.

पिंजरा आणि गोधडी

तो वासा घालायचं कुणाला सुचलं होतं का? हो. जिथे भूकंप लोकांच्या आठवणीत होते तिथे सुचलं होतं, तेही काँक्रीटच्या कितीतरी आधी.

१ नोव्हेंबर १७५५. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. सणाचा दिवस, सकाळी लोक चर्चमध्ये होते. आधी भूकंप, मग समुद्राच्या लाटा, मग काही दिवस चाललेली आग. शहराचा मधला भाग संपला. राजाचा मंत्री सेबास्तियाओ दे कार्वाल्यो, जो पुढे मार्किस ऑफ पोंबाल म्हणून ओळखला गेला, त्यानं पुनर्बांधणीचं काम लष्करी इंजिनिअरांच्या हाती दिलं. त्यांचा प्रमुख मानुएल दा माइया तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेला होता. या मंडळींनी नव्या इमारतींसाठी जी पद्धत ठरवली तिचं नाव 'गायोला', म्हणजे पिंजरा. उभे वासे, आडवे वासे आणि प्रत्येक चौकोनात फुलीसारखे तिरपे वासे. फुलीच्या मधल्या जागेत दगड-विटांचे तुकडे भरायचे, वरून गिलावा. हा लाकडी पिंजरा बाहेरच्या दगडी भिंतीला जखडलेला असायचा. नमुन्याचा सांगाडा उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि तो किती हलतो ते बघितलं, असं सांगितलं जातं. खरं असेल तर ही भूकंपासाठी केलेली जगातली अगदी सुरुवातीची लोड टेस्ट! त्या इमारतींपैकी कितीतरी आज लिस्बनमध्ये वापरात आहेत.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं, काश्मीरचं. तिथल्या पद्धतीचं नाव धज्जी-देवारी. धज्जी म्हणजे कापडाचा तुकडा, देवारी म्हणजे भिंत. थोडक्यात, गोधडीची भिंत. लाकडाचे लहान लहान चौकोन, त्यांत तिरपे तुकडे, आणि मधल्या जागेत दगड किंवा विटा मातीत बसवलेल्या. भिंत पातळ, म्हणून हलकी. जमीन हलली की चौकोनाचौकोनात बारीक भेगा पडतात, दगड-लाकूड एकमेकांवर घासतात आणि धक्क्याची ताकद त्या घासण्यात जिरते. एका चौकोनातली भेग शेजारच्या लाकडापाशी येऊन थांबते, अख्खी भिंत फाटत नाही. ८ ऑक्टोबर २००५ ला ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा दगडी घरं आणि निकृष्ट काँक्रीटच्या इमारती कोसळल्या, पण अनेक धज्जी घरं तगली. नियंत्रण रेषेच्या पलीकडे पुनर्बांधणी करताना सरकारी यंत्रणेनं आधी या जुन्या पद्धतीकडे दुर्लक्ष केलं होतं. लोक आपणहून धज्जी घरं बांधायला लागले, इंजिनिअरांनी त्यांची बाजू मांडली आणि मग तिला अधिकृत मान्यता मिळाली.

आता आमच्या खणाकडे बघा. लाकूड तेच, दगड तोच, माती तीच. फरक आहे तिरप्या वाशाचा, भिंतीच्या जाडीचा आणि या सगळ्याला एकत्र बांधण्याचा.

मग आपण काय केलं?

१९९३ नंतर राज्य सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम घेतला. सगळ्यात जास्त नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली, रुंद रस्ते आणि सरळ रांगांत घरं. जमिनीच्या हिशोबानं कुणाला २५०, कुणाला ४००, कुणाला ७५० चौरस फूट. ज्या गावांत घरं अंशतः पडली होती तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची योजनाही होती. तिच्यातले उपाय काय होते माहितीये? माळवदावरची माती उतरवून ती वीसेक सेंटीमीटरपर्यंत आणायची. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालायचे. भिंतीच्या माथ्यावरून घराला कमरपट्ट्यासारखा पट्टा बांधायचा. आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू बसवायचे. म्हणजे राहून गेलेला वासा १९९४ पासून कागदावर होता!

पण बऱ्याच लोकांनी मदतीच्या पैशात जुनं घर मजबूत करण्याऐवजी बाजूला नवी खोली बांधली. त्यांना दोष द्यायची माझी हिंमत नाही. ज्या दगडाखालून शेजाऱ्याचं लेकरू बाहेर काढलं त्याच दगडाला "आता हा सुरक्षित आहे" म्हणत परत टेकायचं? कुठलाही इंजिनिअर येऊन सांगितलं तरी रात्री झोप कशी लागेल? आज्जी सांगते, भिंत पडल्यानंतर वर्षभर घरातलं कुणी आत झोपत नव्हतं. अंगणात पत्र्याचं शेड मारलं होतं.

नुकसान झालं ते दुसऱ्या बाजूनं. "जुनं म्हणजे धोकादायक, स्लॅब म्हणजे सुरक्षित" एवढाच धडा सगळीकडे पोचला. भिंत वाईट होती आणि सांगाडा चांगला होता, हे वेगळं करून कुणी सांगितलं नाही. खरं तर काँक्रीटलाही हाच नियम लागू आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादमध्ये नव्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या अनेकांच्या तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते कॉलम होते, भिंती नव्हत्या. वर जड मजले, खाली आडव्या धक्क्याला अडवणारं काही नाही. म्हणजे माळवदाचा खणच की, फक्त काँक्रीटमधला! पुढच्या वेळी आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावताना जरा वर बघा.

(२००२ मध्ये नकाशा बदलला. झोन १ हा प्रकारच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग झोन ३ मध्ये गेला.)

रविवार

शनिवारी रात्री जेवताना मी काकांना हे सगळं सांगितलं. कागदावर चौकोन आणि त्रिकोण काढून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकेक मुद्दा मांडला. दर वर्षी पांढरी माती कोण आणणार? माळवद करणारे गडी आता मिळतात का? अवकाळी पावसात गळतं तेव्हा रात्री तीन वाजता वर कोण चढतं, तू? आणि शेवटी, "एवढं शास्त्र सांगायलास, तर आज रात्री मागच्या भिंतीच्या कडेला झोपशील का?"

मी काही बोललो नाही. झोपताना खाट उचलून मधल्या खणात आणली, तुळईखाली. काका हसले. पण माझं उत्तर खरं तर तेच होतं. भिंतीवर माझा विश्वास नाही, खांबांवर आहे.

सकाळी टेम्पो आला. काकांनी सागवानवाल्याला मागच्या बाजूचे सहा खांब दिले. तिथे स्लॅबच्या दोन खोल्या होणार. पुढच्या आठ खांबांना हात लावू दिला नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "आधी वरची माती उतरवू. तुझे ते तिरपे टेकू दिवाळीनंतर बघू," एवढंच म्हणाले. मी मात्र त्यांना बजावलंय की हे काम जुनी घरं हाताळलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच करायचं. माझ्यासारख्या आयटीवाल्याच्या गुणाकारावर कुणी घर उभं करू नये.

तुमच्याही गावी असं घर असेल तर पाडण्याआधी तीन गोष्टी बघून या. कडेच्या तुळया खांबावर टेकल्यात की भिंतीवर? छतावर माती किती? खांबांचे तळ वाळवीनं खाल्लेत की शाबूत आहेत? मग ठरवा. पाडायचं ठरलं तरी हरकत नाही, पण निदान काय पाडतोय ते माहीत असू द्या.

असो. मी निघालो तेव्हा आज्जी ओलं फडकं घेऊन आठ खांबांवरचे खडूचे आकडे पुसत होती.